हिशेबात न धरलेली मुले

आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की भरमसाट शुल्क घेणारी, गणवेशाला टाय असणारी आणि प्रवेशासाठी चिठ्ठीचपाटी लागणारी खाजगी शाळा डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ अगदी सरळ आहे. तेथील पब्लिक स्कूल म्हणजे जनतेची शाळा. ठरावीक हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाला तेथे प्रवेश मिळतो. तो श्रीमंताचा असो वा मोलमजुरी करणाऱ्याचा, त्याच्याकडून शिकवणीचे शुल्क घेतले जात नाही. अशाच एका शाळेच्या धावण्याच्या संघाविषयी आज चार शब्द लिहावेत असे बऱ्याच दिवसांपासून मनात होते. मी खेळाडू नव्हे. आयुष्याची छत्तीस वर्षे बँकेत आकड्यांच्या सहवासात गेली. म्हणून या संघाची ओळख मला झाली तीही आकड्यांच्याच वाटेने, हे वाचकांनी समजून घ्यावे.

२०१५ साली मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही उभयता भाचीकडे तीन महिन्यांसाठी गेलो. माझी थोरली बहीण, आमची अक्का, यजमानांच्या पश्चात लेकीकडेच राहते. भाचीचे घर एल्महर्स्ट नावाच्या गावी आहे. शिकागो शहराच्या पश्चिमेला साधारण पंचवीस किलोमीटरवर वसलेले हे उपनगर. लोकवस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. गावातून ‘प्रेअरी पाथ’ नावाची एक लांबच लांब पायवाट जाते. पूर्वी तेथून विजेवर चालणारी रेल्वे धावत असे. ती बंद पडल्यावर १९६०च्या दशकात लोकांनी पुढाकार घेऊन त्या रुळांच्या जागी चालण्यासाठी वाट करून घेतली. रोज सकाळी मी तेथे फिरावयास जात असे. दुपारी साडेतीननंतर मात्र त्याच वाटेवर हिरव्या बनियनमधील मुलांचे थवे धावताना दिसत. रांगेचा शेवट कोठे आहे हे पाहण्यासाठी मी थांबत असे, आणि बराच वेळ थांबावे लागे. भाचीचा मुलगा, माझा नातू, त्याच रांगेत होता. त्या वेळी तो दहावीत होता.

ही मुले यॉर्क कम्युनिटी हायस्कूलची. सेंट चार्ल्स रस्त्यावरील ही शाळा गावची एकमेव सार्वजनिक हायस्कूल असून तिचा रंग हिरवा व पांढरा. अशा शाळांचा खर्च मुख्यतः घरपट्टीसारख्या स्थानिक मालमत्ता करातून भागतो. भाचेजावयांनी एकदा त्या कराचे बिल मला दाखविले. सवयीप्रमाणे मी ते वरपासून खालपर्यंत वाचले आणि थक्क झालो. बिलातील सर्वांत मोठा वाटा शाळेचा होता. ज्यांची मुले शिकून कधीच बाहेर पडली, ज्यांना मुलेच नाहीत, त्या सर्वांनाही तो भरावा लागतो. या व्यवस्थेची काळी बाजूही तितकीच खरी आहे. जेथे घरांच्या किमती जास्त, तेथे शाळांकडे पैसा जास्त, आणि गरीब वस्तीतील शाळांची कायम ओढाताण. इलिनॉय राज्याने २०१७ साली कायदा करून, नव्या सरकारी मदतीतील मोठा हिस्सा आधी गरजू शाळांकडे वळविण्याचे ठरविले, ते याच विषमतेमुळे. तेव्हा एल्महर्स्टसारख्या सुखवस्तू गावच्या शाळेचे कौतुक करताना तिच्या पाठीशी असलेले हे भांडवल विसरून चालणार नाही. परंतु मला जे सांगावयाचे आहे, त्याला फारसे भांडवल लागत नाही.

या शाळेची कीर्ती आहे ती क्रॉस-कंट्री नावाच्या खेळात. आखीव मैदानावर न धावता गवत, चढउतार, झाडी यांतून धावण्याची ही शर्यत. इलिनॉयच्या शालेय स्पर्धेत अंतर तीन मैल असते, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटर. राज्याची अंतिम स्पर्धा नोव्हेंबरच्या आरंभी पिओरिया शहरातील डेटवायलर पार्कमध्ये भरते. तेथे प्रत्येक संघाचे सात जण धावतात आणि त्यांपैकी पहिल्या पाच जणांचे गुण धरले जातात. गुणांची पद्धत मोठी गमतीची आहे. पहिला आला त्याला एक गुण, दहावा आला त्याला दहा, आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. समजा, एखाद्या संघाची मुले ३, ८, १२, २० आणि २७ या क्रमांकांवर आली, तर त्यांची बेरीज ७० झाली. दुसऱ्या संघाची ७३ असेल तर तो हरला.

आता कोणीही विचारील की सहावा आणि सातवा कशासाठी धावतात? त्यांचे गुण तर धरले जात नाहीत. त्याचे उत्तर नातवाने मला स्वयंपाकघरातील टेबलावर शेंगदाणे मांडून समजावून दिले. आपला सहावा मुलगा तिसाव्या क्रमांकावर आला, तर प्रतिस्पर्ध्याचा पाचवा, जो एरवी तिसावा आला असता, तो एकतिसावर ढकलला जातो. म्हणजे सहाव्याचे गुण आपल्या खात्यात जमा होत नाहीत, पण समोरच्याच्या खात्यात ओझे वाढवितात. शिवाय दोन संघांची बेरीज सारखीच आली, तर ज्याचा सहावा पुढे तो संघ जिंकतो. जमाखर्चाची ही तऱ्हा मला फार आवडली. बँकेतही अशी माणसे असतात. शाखेच्या नफ्याच्या तक्त्यात त्यांचे नाव कोठेच येत नाही, पण ती दोन दिवस रजेवर गेली की कारभार अडतो.

यॉर्कच्या मुलांनी राज्याचे पहिले अजिंक्यपद १९६२ साली मिळविले आणि त्यांचे प्रशिक्षक जो न्यूटन २०१६ साली निवृत्त झाले, तोवर ही संख्या २८ झाली होती. न्यूटन यांचा जन्म १९२९चा. १९५०च्या दशकात ते या शाळेत व्यायामशिक्षक म्हणून आले ते तेथेच राहिले. वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, त्यांनी एकाच गावच्या मुलांना पळावयास शिकविले. आजोबा, वडील आणि नातू अशा तीन पिढ्या एकाच गुरूच्या हाताखाली धावू शकल्या असत्या, एवढा हा काळ! १९८८च्या सोल ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या मॅरेथॉन धावपटूंची व्यवस्था पाहणाऱ्या चमूत त्यांची निवड झाली. एका हायस्कूलच्या प्रशिक्षकाला असा मान मिळण्याची तेथील ही पहिलीच वेळ होती. त्यांच्या संघाचे २००५च्या हंगामात केलेले चित्रण पुढे २००८ साली ‘द लाँग ग्रीन लाइन’ या माहितीपटाच्या रूपाने लोकांपुढे आले. ही ‘लांबलचक हिरवी रांग’ म्हणजेच मी प्रेअरी पाथवर पाहत असे ती रांग.

आणखी एक आठवण येथे नोंदवितो. १९८४ची लॉस एंजेलिस ऑलिंपिक आमच्या पिढीच्या मनावर कोरलेली आहे ती पी. टी. उषामुळे. चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने तिचे पदक हुकले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेत काउंटरच्या दोन्ही बाजूंना त्याशिवाय दुसरा विषय नव्हता. त्याच ऑलिंपिकमध्ये इंग्लंडच्या सेबॅस्टियन को याने पंधराशे मीटरचे सुवर्णपदक जिंकले. तो त्यापूर्वी सरावासाठी याच न्यूटन यांच्याकडे एल्महर्स्टला येऊन राहिला होता, हे मला एकतीस वर्षांनंतर तेथे कळले. जगातील सर्वोत्तम धावपटूंपैकी एक माणूस एका सरकारी शाळेच्या शिक्षकाकडे तयारीला येतो, या गोष्टीचे मला अधिक अप्रूप वाटले.

मात्र ही सर्व पदके मी बाजूला ठेवतो. न्यूटन यांच्या संघाचा एक नियम मला या २८ अजिंक्यपदांहून मोलाचा वाटतो. ते कोणालाही संघातून वगळत नसत. बास्केटबॉल किंवा बेसबॉलच्या संघात निवड होते आणि न निवडलेल्या मुलांना घरी पाठविले जाते. येथे मात्र जो रोज येईल आणि सांगितलेले करील तो संघात. त्यामुळे राज्यस्पर्धेत ज्या संघाचे सातच जण धावणार, त्या संघात दीडशे, कधी दोनशेच्या घरात मुले असत. स्थूल मुले, दम्याची मुले, इतर खेळांतून नाकारलेली मुले, सगळी. न्यूटन त्यांना गमतीची टोपणनावे देत आणि रोजचा सराव संपला की प्रत्येक मुलाने त्यांच्याशी हस्तांदोलन करूनच घरी जावयाचे, असा शिरस्ता होता. पहिल्या क्रमांकाच्या मुलाशी एक हस्तांदोलन, शेवटच्या क्रमांकाच्या मुलाशीही एकच. मोठे होणे चांगले, पण चांगले असणे त्याहून मोठे, अशा आशयाचे वाक्य ते मुलांना नेहमी सांगत.

माझा नातू या रांगेच्या शेपटाशी होता. नववीत तो संघात गेला तेव्हा तीन मैलांना त्याला तेवीस मिनिटे लागत. दहावीत तो एकवीस मिनिटांपर्यंत आला होता. संघातील आघाडीची मुले तेच अंतर पंधरा मिनिटांच्या आत तोडत. त्याचा क्रमांक शंभराच्या पुढे. सराव रोज दोन तास, शनिवारी स्पर्धा. तो घरी येई तो घामाने निथळलेला आणि भुकेलेला. अक्का सूर्यास्तापूर्वी जेवते. सप्टेंबरात तो तिच्या पानाला वेळेवर पोहोचे. ऑक्टोबर सरत आला की तिकडे सूर्य सहाच्या आतच मावळतो. मग अक्का त्याच्यासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून त्याच्या आईच्या गाडीत ठेवू लागली आणि तो शाळेच्या फाटकापाशीच खाऊन घेऊ लागला. नोव्हेंबरात घड्याळे एक तास मागे गेली तेव्हा मात्र तिने हात टेकले.

हा विनोदाचा भाग झाला. भाचेजावयांची काळजी खरी होती. ते अभियंता आहेत, स्वतःच्या हिमतीवर परदेशात उभे राहिलेले. त्या हंगामात नातवाचे रसायनशास्त्राचे गुण घसरले. दोन वर्षांनी महाविद्यालयाचे प्रवेश. एका रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी विषय काढला.

“मामा, तुम्ही कर्जप्रकरणे तपासत होता. याचा हिशेब करून सांगा. आठवड्याला बारा तास, हंगामात दीडशे तास. हा मुलगा कधीही पहिल्या सातांत येणार नाही. त्याला स्वतःलाही ते ठाऊक आहे. मग ही गुंतवणूक कशासाठी?”

भाची काही बोलली नाही. तिचे डोळे माझ्याकडे लागले होते. घरातील वडीलधाऱ्याने अशा वेळी काय बोलावे, हा मोठा अवघड प्रश्न असतो. मुलाच्या बापाचा शब्द खाली पडू नये आणि मुलाच्या मनावर ओरखडाही उठू नये. मी नातवालाच विचारले, “तू सांग. सोडलेस तर काय होईल?”

त्याने थोडा वेळ विचार केला. त्याचे मराठी अडखळत चालते.

“आजोबा, मी सोडलं तर माझ्या मागचा मुलगा शेवटचा होईल.”

भाचेजावयांना हसू आले. मीही हसलो. पण पुढे दोन दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्यांना मी एवढेच म्हणालो की कर्जाचा निर्णय कागदावर होतो खरा, पण चांगला अधिकारी सही करण्यापूर्वी एकदा जागेवर जाऊन येतो. आपण दोघे एकदा शर्यत पाहून येऊ आणि मग ठरवू. त्यांनी ते मानले.

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो. सकाळची थंडी, ओले गवत, उद्यानात पाच-सहा शाळांचे तंबू. आघाडीच्या सात-सात जणांची शर्यत वेगळी झाली. हरणांसारखी मुले. डोळ्यांचे पाते लवते न लवते तो नजरेआड. त्यानंतर उरलेल्या सर्वांची शर्यत सुटली. तीन-चारशे मुले एकदम धावू लागली की जमीन हलते, हे मी त्या दिवशी पायांनी अनुभवले. पहिला मुलगा आल्यावर टाळ्या झाल्या. मग गर्दी आली. मग ती विरळ होत गेली. नातू आला तो एकवीस मिनिटे चार सेकंदांनी, चेहरा लालबुंद, ओठ कोरडे. आम्हाला वाटले, आता निघावे. पण तो पाणी न पिताच उलट दिशेने चालू लागला. त्याच्याबरोबर हिरव्या बनियनमधील वीस-पंचवीस मुले तिकडे चालली होती. सकाळच्या शर्यतीत धावलेली दोन-तीन हरणेही त्यांत दिसली. शेवटच्या वळणावर ती दोरीच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. जवळजवळ सात मिनिटांनी एक ठेंगणा, जाड मुलगा वळणावर दिसला. त्याच्या मागे फक्त सायकलवरील पंच. सगळी मुले त्याचे नाव घेऊन ओरडू लागली. तो मुलगा रडत होता की घाम पुसत होता, हे मला लांबून कळले नाही. पण त्या आवाजाने त्याचा वेग वाढला, हे स्पष्ट दिसले.

भाचेजावयांनी मोटारीत बसेपर्यंत काही म्हटले नाही. घराजवळ आल्यावर ते नातवाला म्हणाले, “रसायनशास्त्राची शिकवणी रविवारी सकाळी लावू. चालेल?” त्यांनी संघाचे नावही काढले नाही. मी मागच्या सीटवर होतो. प्रकरण मंजूर झाले, हे मला समजले.

नातू शाळा सुटेपर्यंत संघात राहिला. बारावीत त्याने तीन मैल अठरा मिनिटे बेचाळीस सेकंदांत पूर्ण केले. पिओरियाला तो एकदाही धावला नाही. दोन वेळा तो अडीच-तीन तासांचा प्रवास करून इतरांना ओरडून पाठिंबा देण्यासाठी गेला. २०१६च्या हंगामानंतर न्यूटन निवृत्त झाले आणि २०१७च्या डिसेंबरात, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या रात्री नातवाने मला फोन केला. फार बोलला नाही. “आजोबा, रोज हात मिळवायचे,” एवढेच दोनदा म्हणाला.

या संघाने त्याला काय दिले, याचा माझ्यापुरता उलगडा २०१९ साली झाला. त्या वर्षी मार्चमध्ये अक्काला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण डावा पाय आणि डावा हात लुळे पडले. मे महिन्यात नातू महाविद्यालयातून सुटीला घरी आला. व्यायाम शिकविणारी बाई आठवड्यातून दोनदा येई. बाकीचे पाच दिवस अक्का खाटेवर बसून भिंतीकडे पाही. आम्ही फोन केला की म्हणे, “आता मला कशाला उठवता? माझी शर्यत झाली.”

नातवाने एक वही घेतली. पहिल्या दिवशी खाटेपासून खिडकीच्या दिशेने सात पावले. त्याने तारीख घालून सात लिहिले. दुसऱ्या दिवशी सातच. तिसऱ्या दिवशी पाच. तेही त्याने लिहिले. भाची सांगते की त्याने तिला कधीही “शाबास” म्हणून खोटे चढविले नाही आणि “आज कमी झाले” म्हणून टोकलेही नाही. पावले झाली की आकडा वहीत जाई आणि मग तो अक्काचा उजवा हात हातात घेऊन हस्तांदोलन करी. अक्का चिडे. “मला काय साहेबासारखे हात मिळवतोस?” म्हणे. पण हात पुढे करी. जूनच्या अखेरीस ती खिडकीपाशी पोहोचली. ऑगस्टमध्ये तो परत गेला तेव्हा अक्का काठी धरून अंगणापलीकडच्या टपालपेटीपर्यंत जात होती. एकशे बारा पावले. ती वही मी स्वतः पाहिली आहे. त्यात एक दिवस रिकामा नाही.

जो मुलगा पहिल्या सातांत असता तोही आजीची सेवा करता, यात शंका नाही. पण हळू चालणाऱ्या माणसाबरोबर न कंटाळता चालणे आणि पाचाच्या जागी सहा पावले पडली याला मोठी गोष्ट समजणे, हे त्याला सहज जमले. ते कसे जमले, हा प्रश्न मी भाचेजावयांना विचारला नाही आणि त्यांनीही मला विचारला नाही. अक्का आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि उन्हाळ्यात प्रेअरी पाथवरील बाकापर्यंत जाऊन बसते. हिरव्या बनियनमधील मुले आली की काठी उंच करते.

मी सांगलीजवळच्या ज्या गावी शिकलो, तेथील शाळेत मैदानाचा तास वेळापत्रकात होता. तो बहुधा गणिताला जाई. तालुका स्पर्धेसाठी दोन-तीन चपळ मुले निवडली जात आणि आम्ही उरलेले साठ जण टाळ्या वाजविण्यासाठी. आज परिस्थिती बरीच बदलली आहे. आपल्याच मातीतल्या, साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबरने २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला. अशा कर्तृत्वाचा अभिमान कोणाला वाटणार नाही? परंतु आपल्या मुलांच्या खेळाकडे पाहताना आपण अजूनही दोनच प्रश्न विचारतो. पदक मिळेल का? आणि सवलतीचे गुण मिळतील का? दोन्हींचे उत्तर नाही असे आले की दहावीच्या वर्षी बूट माळ्यावर जातात. मुलींचे तर त्याच्याही आधी.

आपल्या समाजाच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात मी गेली काही वर्षे कोषाध्यक्षाचे काम पाहतो. शंभर मीटरच्या शर्यतीत चाळीस मुले धावतात, तिघांना पदके मिळतात, आणि छायाचित्र निघेपर्यंत उरलेली सदतीस मुले आईबापांबरोबर वाहनतळाकडे गेलेली असतात. त्यांतील कितीतरी जण पुढच्या वर्षी नाव देत नाहीत. दोन वर्षांपूर्वी मी समितीपुढे एक साधी सूचना मांडली. पदके तीनच असू द्या, परंतु धावणाऱ्या प्रत्येक मुलाची वेळ घ्या आणि ती वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो आला की त्याला त्याचीच मागची वेळ सांगा. स्पर्धा संपल्यावर समितीतील ज्येष्ठांपैकी दोघांनी फाटकापाशी उभे राहून प्रत्येक मुलाचा हात हातात घ्यावा आणि त्याला नावाने निरोप द्यावा. खर्च म्हणाल तर एका वहीचा आणि दोन घड्याळांचा. सूचना मंजूर झाली.

यंदाचा महोत्सव डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आहे. वाचकहो, आपल्या घरातील जे मूल “मी काही पहिला येणार नाही” म्हणून बसून राहते, त्याला अवश्य घेऊन या. मुलींना आणि सुनांनाही आणा. आजीआजोबांसाठी यंदा दोनशे पावलांची चाल ठेवली आहे. वही माझ्याकडे आहे. बँकेतल्या सवयीने तिच्यात ओळी आणि रकाने आखून ठेवले आहेत.